ब्लड पॅचनंतरची पाठदुखी

ब्लड पॅच घेतल्यावर माझे डोके दुखायचे थांबले आणि पाठ दुखू लागली. सिझेरियनच्या वेळी कमरेतून दिलेल्या भुलीनंतर काही स्त्रियांना जी असह्य डोकेदुखी होते, तिच्यावरचा हा उपाय. तो मला चांगला लागू पडला. पण त्याच्या मागोमाग आलेल्या पाठदुखीने मी डोकेदुखीपेक्षाही जास्त घाबरले. डोके दुखत होते तेव्हा मी रुग्णालयात होते आणि ते कशाने दुखते हे समजावून सांगणारे डॉक्टर जवळ होते. पाठ खरी दुखू लागली तेव्हा मी घरी आले होते, कुशीत तान्हे बाळ होते, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ‘मणक्यात सुई घातली की बाईची कंबर जन्माची जाते’ एवढेच ठाऊक होते.

साताऱ्यातल्या एका खाजगी रुग्णालयात माझे बाळंतपण झाले. कळा बऱ्याच वेळ चालू होत्या, पण बाळाच्या हृदयाचे ठोके कळेबरोबर मंदावू लागले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सिझरचा निर्णय घेतला. भूलतज्ज्ञांनी मला टेबलाच्या कडेला बसवले, उशी पोटाशी धरून पुढे वाकायला सांगितले आणि कमरेच्या खालच्या भागात दोन मणक्यांमधून औषध सोडले. सुई पहिल्यांदा हाडाला लागली, मग थोडी जागा बदलून आत गेली. पाय ऊबदार झाले, जड झाले, मग माझे राहिलेच नाहीत. थोड्याच वेळात मुलगी झाली. शस्त्रक्रियेत काहीही अडचण आली नाही.

दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढून सिस्टरनी मला उठवून बसवले आणि काही मिनिटांतच मानेच्या मागून, कवटीच्या तळापासून एक कळ वर चढत कपाळापर्यंत आली. मान आखडली, मळमळू लागले, घाट चढताना बसतात तसे कान बसले आणि खिडकीतला उजेड सहन होईना. आडवी झाले की हे सारे थोड्या वेळात ओसरायचे. पुन्हा बसले की पुन्हा सुरू. सासूबाई म्हणाल्या, “डोक्यात वारं शिरलंय, कान बांध आधी.” त्यांनी स्वतःच्या हाताने सुती रुमाल घट्ट बांधून दिला. त्यामागची माया मला कळत होती, पण रुमाल असो वा नसो, दुखणे फक्त एकाच गोष्टीला दाद देत होते, ती म्हणजे मी उभी आहे की आडवी. बाळाला पाजण्यासाठी बसावे तर दोन मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्यामुळे मी कुशीवर पडूनच पाजत होते, आणि तेही टाक्यांच्या ओढीमुळे सोपे नव्हते.

भूलतज्ज्ञ आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, “ताई, झोपल्यावर थांबतं का?” थांबते म्हटल्यावर त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती एक पाण्यासारखा द्रव असतो. प्रौढ माणसात तो साधारण १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाला जवळपास ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो. भुलीची सुई या द्रवाच्या पिशवीतच जाते, आणि सुई काढल्यावर तिथे राहिलेले बारीक छिद्र बहुधा आपोआप बुजते. काही जणींमध्ये ते लगेच बुजत नाही, द्रव झिरपत राहतो, दाब कमी होतो, आणि उभे राहिल्यावर मेंदू किंचित खाली ओढला जाऊन त्याची आवरणे ताणली जातात; शिवाय आतल्या रक्तवाहिन्या फुगतात. तरुण वय, स्त्री असणे आणि बाळंतपण या तिन्ही गोष्टींनी हा धोका वाढतो. सुई जितकी जाड, तितका तो अधिक. म्हणूनच आता पेन्सिलीसारख्या टोकाच्या, तंतूंना कापण्याऐवजी बाजूला सारणाऱ्या बारीक सुया वापरतात. त्या वापरूनही हा त्रास पूर्णपणे टळत नाही.

या भुलीची सुरुवातच या डोकेदुखीने झाली आहे, हे मी नंतर वाचले. जर्मनीतल्या कील येथे आउगुस्ट बिअर या शल्यचिकित्सकाने ऑगस्ट १८९८ मध्ये मणक्यातून कोकेन देऊन शस्त्रक्रिया केल्या, आणि मग हा प्रयोग स्वतःवरही करून घेतला. त्याच्यावर प्रयोग चालू असताना सुईला पिचकारी नीट बसेना आणि बराच द्रव वाहून गेला. त्यानंतर बिअर कित्येक दिवस अंथरुणाला खिळला होता, आणि आडवे झाले की डोके थांबते, उठले की सुरू होते, अशी नोंद त्याने स्वतः केली आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या नोंदीत माझेच लक्षण लिहिलेले वाचून मला विलक्षण धीर आला.

तरीही डॉक्टरांनी लगेच सुईचा विषय काढला नाही, आणि ते मला आजही योग्य वाटते. बाळंतिणीचे डोके दुखण्याची दुसरीही कारणे असतात आणि त्यातली काही जिवावर बेतणारी असतात: बाळंतपणानंतर वाढणारा रक्तदाब, किंवा मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी होणे. म्हणून त्यांनी रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजला, लघवीतली प्रथिने तपासली, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, नजर अंधुक होते का, हातापायाला मुंग्या किंवा झटके आले का, हे विचारले. आडवे झाल्यावरही डोके दुखत राहिले तर आधी मेंदूचा स्कॅन करू, असे त्यांनी बजावले. तोवर पॅरासिटामोल, भरपूर पाणी आणि कॉफी. कॉफीने फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे तास-दोन तास बरे वाटायचे, पण पाजत असल्यामुळे तिलाही मर्यादा होती. बहुतेक जणींची ही डोकेदुखी आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप थांबते, हेही त्यांनी सांगितले. वाट पाहणे हा खरा पर्याय होता. पण मला स्वच्छतागृहापर्यंत जाता येत नव्हते आणि रडणाऱ्या मुलीला उचलून घेता येत नव्हते.

तेव्हा त्यांनी ब्लड पॅच सुचवला. रुग्णाच्याच हातातून काढलेले रक्त कमरेतल्या त्या पिशवीच्या बाहेर, एपिड्युरल जागेत सोडायचे. आत गेलेल्या रक्ताच्या दाबाने द्रव वर सरकतो म्हणून लगेच आराम पडतो, आणि मग रक्त गोठून छिद्रावर ठिगळासारखे बसते म्हणून तो आराम टिकतो. अमेरिकेतल्या जेम्स गॉर्मली यांनी १९६० मध्ये ही पद्धत मांडली. त्यांनी जेमतेम दोन-तीन मिलिलिटर रक्त वापरले होते. १९७० मध्ये अँथनी डिजिओव्हानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० मिलिलिटर वापरायला सुरुवात केली. आता साधारण २० मिलिलिटरपर्यंत देतात. मात्र रुग्णाच्या पाठीत दाब किंवा कळ जाणवू लागली की तिथेच थांबतात. कधी कधी एका पॅचने काम होत नाही आणि दुसरा द्यावा लागतो.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांनी धोके सांगितले: सुई पुन्हा पिशवीत जाणे, संसर्ग, रक्तस्राव, मज्जातंतूंना इजा, हे क्वचित घडते. मला ताप नाही ना, पाठीच्या कातडीवर फोड-पुरळ नाही ना, प्लेटलेट किती आहेत आणि सिझरनंतर रक्त पातळ करण्याचे इंजेक्शन दिले आहे का, हे त्यांनी स्वतः पाहून घेतले. पाठदुखीबद्दल एकच वाक्य आले, “थोडी पाठ दुखेल, चार दिवसांत जाईल.” ते वाक्य खोटे नव्हते. फक्त अपुरे होते.

मला पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेले. बसणे शक्य नव्हते म्हणून डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवले. पाठ थंडगार औषधाने पुसली, हिरवे कापड टाकले, कातडी बधिर करण्याचे इंजेक्शन चरचरले, आणि मग आधीपेक्षा जाड सुई हळूहळू आत सरकू लागली. ती टोचल्यासारखी वाटत नव्हती, ढकलल्यासारखी वाटत होती. डॉक्टर मागून प्रत्येक पायरी सांगत होते. सुईला लावलेल्या पिचकारीचा दट्ट्या दाबायला कठीण जात होता तो एकाएकी सैल झाला, म्हणजे सुई योग्य जागी पोहोचली. त्याच क्षणी दुसऱ्या डॉक्टरांनी माझ्या उजव्या कोपराच्या शिरेतून, तितक्याच काटेकोर निर्जंतुक पद्धतीने, रक्त काढले. ते रक्त गोठायच्या आत द्यायचे असते, म्हणून या कामाला दोघे लागतात.

“आता सावकाश सोडतोय. पाठीत काही वाटलं की लगेच सांगा.”

सुरुवातीला काहीच जाणवले नाही. मग कमरेत आतून भरून येऊ लागले. हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे, कारण ती टोचण्याची वेदना नव्हती, आग नव्हती. माकडहाडापासून बरगड्यांच्या खालपर्यंत आतून कोणी तळवा दाबत नेत आहे असा तो दाब होता. मग तो उजव्या कुल्ल्यात उतरला. मी सांगितले. डॉक्टर थांबले, काही क्षण वाट पाहिली, दाब किंचित ओसरल्यावर आणखी थोडे रक्त दिले, आणि कुल्ल्यात पुन्हा कळ आली तेव्हा सुई काढली. मला ठरवलेल्यापेक्षा थोडे कमीच रक्त गेले होते.

दोन तास पाठीवर उताणे पडून राहिल्यावर मला सावकाश बसवले. डोके दुखले नाही. कान मोकळे झाले होते. मी भिंतीला टेकून बसले, मुलीला मांडीवर घेतले आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा सरळ समोरून, उजेडात, निवांत पाहिला. त्या उपायाबद्दलची माझी कृतज्ञता पुढच्या दिवसांत पाठीने कितीही छळले तरी कमी झाली नाही.

त्या रात्री पाठ फक्त ठणकत होती. दुसऱ्या दिवशी घरी सोडले, आणि रिक्षातून उतरताना पहिली खरी कळ आली. कमरेभोवती रुंद पट्टा आवळावा तसे दुखणे, मधोमध सुईच्या जागी बोट लावू देणार नाही असा हुळहुळेपणा, आणि पुढे वाकले की उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागे जाणारी ओढ. पोटावर टाके असल्यामुळे पोटाच्या जोरावर उठता येत नव्हते आणि पाठीच्या जोरावर तर मुळीच नाही. कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे, मग हाताने रेटून उठायचे, हा क्रम दर वेळी पाळावा लागत होता. रात्री मुलगी रडली की तिच्यापर्यंत पोहोचायलाच मला वेळ लागायचा. रात्र चढेल तसे मनात एकच चक्र फिरू लागले. सुई दोनदा गेली आहे, आत रक्त सोडले आहे, आता ही पाठ अशीच राहणार का? पाय लुळा पडेल का? कोणी मुद्दाम घाबरवत नव्हते, पण शेजारच्या काकूंनी त्यांच्या भावजयीची गोष्ट सांगितली, आत्याबाईंनी स्वतःची सांगितली, आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट ‘तेव्हापासून कंबर कामातून गेली ती गेलीच’ असा होता.

सकाळी नवऱ्याने भूलतज्ज्ञांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. त्यांनी जे प्रश्न विचारले ते मी कागदावर उतरवून घेतले होते. लघवीची जाणीव होते का, आणि ती नेहमीसारखी मोकळी होते का? शौचावर ताबा आहे का? बसताना जो भाग जमिनीला टेकतो तिथे, मांड्यांच्या आतल्या बाजूला, बधिरपणा आहे का? टाचांवर चालून दाखवता येते का, आणि चवड्यांवर? ताप, थंडी, सुईच्या जागी सूज किंवा स्राव आहे का? दुखणे तासागणिक वाढते आहे, की आहे तसेच आहे? मी फोन चालू ठेवूनच पलंगाचा कठडा धरून चार पावले टाचांवर आणि चार पावले चवड्यांवर टाकली. जमले. दुखत होते, पण पायात ताकद होती.

“मग हे पॅचचंच दुखणं आहे,” ते म्हणाले. “यातलं एकाही प्रश्नाचं उत्तर बदललं, तर दिवस असो की रात्र, फोन करून वाट पाहू नका, सरळ या. एमआरआय करावा लागेल.”

मणक्याच्या पोकळीत रक्ताची मोठी गुठळी होऊन किंवा पू साचून मज्जातंतू दाबले गेले तर काही तासांत उपाय करावा लागतो, नाहीतर कायमचे नुकसान होऊ शकते. हे फार विरळ असते, पण ते हुडकून काढण्यासाठीच ते प्रश्न होते. माझी रात्रभराची भीती आणि डॉक्टरांची सावधगिरी यांतला फरक मला त्या फोननंतर कळला. मी दुखण्याची तीव्रता मोजत होते. ते लघवी, संवेदना, ताकद आणि ताप पाहत होते. नुसत्या दुखण्याच्या जोरावरून यातले काहीच ठरत नाही. हे प्रश्न प्रत्येक बाईला पॅच देण्याआधीच, तिच्या भाषेत लिहून, तिच्या आणि घरच्यांच्या हातात द्यायला हवेत, असे माझे ठाम मत आहे. घरी गेल्यावर फोन उचलणारे डॉक्टर सगळ्यांनाच मिळत नाहीत.

टाके पाहायला गेले तेव्हा मी त्यांना विचारले की एवढ्याशा रक्ताने इतके का दुखावे. त्यांनी सांगितलेली कारणे पटण्यासारखी होती. जाड सुई कातडीपासून आत जाताना मणक्यांना जोडणारे चिवट बंध भेदून जाते. तिथे जखम होते. सोडलेले रक्त त्या अरुंद जागेत वरखाली कित्येक मणक्यांपर्यंत पसरते, खालच्यापेक्षा वर जास्त, आणि वाटेतल्या मज्जातंतूंच्या मुळांना दाबते वा डिवचते. कुल्ल्यात आणि मांडीत जाणारी ओढ त्याचीच. शिवाय काही रक्त सुईच्याच वाटेने मागे येऊन स्नायूंत आणि कातडीखालच्या चरबीत झिरपते. पॅच दिलेल्या रुग्णांचे एमआरआय काढून केलेला एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात आतला दाब काही तासांतच ओसरतो, गुठळीचे पातळ अवशेष उरतात आणि पाठीच्या कातडीखालीही रक्त पसरलेले असते, असे दिसले. पाठदुखीचे एक कारण ते बाहेरचे रक्तच असावे, असे अभ्यासकांचे म्हणणे होते. मुका मार लागल्यावर साकळलेले रक्त जिरेपर्यंत दुखते. येथे ती जागा खोल असते, त्यामुळे काळेनिळे दिसत नाही एवढेच.

घरातली व्यवस्था बदलावी लागली. पॅचची गुठळी छिद्रावर नीट बसेपर्यंत ती सरकू नये म्हणून वाकणे, कमरेत पिळणे, जड उचलणे आणि कुंथणे टाळायचे होते. पाण्याची बादली, कपड्यांची टोपली माझ्या वाट्याला आली नाही. मुलीला कोणीतरी उचलून माझ्या हातात द्यायचे. बाळंतिणीला बद्धकोष्ठ होतेच, त्यात वेदनाशामक गोळ्यांची भर. म्हणून रोज रात्री इसबगोल आणि दिवसभर पाणी. डिंकाचे लाडू आईने दिले, पण मऊ मुगाच्या खिचडीवर साजूक तूप आणि पालेभाजी यांनीच त्या दिवसांत खरे काम केले. पॅरासिटामोल ठरलेल्या वेळी घ्यायचे, कळ येण्याची वाट पाहायची नाही, हे कळल्यावर रात्री सुसह्य झाल्या. पॅरासिटामोल अंगावर पाजताना चालते, याची मी विचारून खात्री करून घेतली होती.

सगळ्यात अवघड ठरला तो मालिशीचा प्रश्न. आमच्याकडे बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणाऱ्या मावशी वर्षानुवर्षे येतात. त्यांच्या हाताला गुण आहे, हे मी माझ्या जावेच्या बाळंतपणात पाहिले होते. त्या आल्याबरोबर म्हणाल्या, “पालथी हो गं पोरी, कंबर अशी रगडते की दुखणं पळून जाईल.” मी त्यांना सुईची जागा दाखवली आणि आत काय केले आहे ते सांगितले. त्यांनी बोटाच्या पेराने त्या जागेभोवती हलकेच चाचपले, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “मग हात नाही लावायचा. पाय चोळते.” त्या दिवसापासून त्यांनी फक्त पिंढऱ्या आणि तळवे तेलाने चोळले, कमरेला नुसता कोमट पाण्याचा शेक दिला, आणि शेगडीवर पाठ शेकण्याचा बेत सासूबाईंनी स्वतःहून पुढे ढकलला. कारण नीट सांगितले की घरातल्या वडीलधाऱ्या बायका ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

दुखणे एकदम गेले नाही. आधी मांडीतली ओढ नाहीशी झाली, मग पट्ट्यासारखा आवळ सैल होत गेला, आणि सुईच्या जागेचा हुळहुळेपणा मात्र सर्वांत शेवटपर्यंत राहिला. मुलीचे बारसे झाले तेव्हा मी पाटावर बसू शकत होते. त्यानंतरही कंबर अधूनमधून दुखायची, पण ते दुखणे वेगळे होते: दिवसभर पाजायला वाकून बसल्यावर यायचे, आडवे झाले की जायचे, त्याचा केंद्रबिंदू सुईच्या जागी नव्हता. गरोदरपणात सैल झालेले सांधे, ताणलेले पोटाचे स्नायू आणि दिवसरात्र मूल उचलणे यांमुळे भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या बायकांची कंबर दुखते. प्रसूतिकळांसाठी एपिड्युरल, म्हणजे पिशवीबाहेरच्या त्याच जागेत दिलेली भूल, घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांची तुलना करणाऱ्या चाचण्यांतही दीर्घकाळच्या पाठदुखीत फरक आढळलेला नाही. फिजिओथेरपिस्ट ताईंनी शिकवलेले पोटाचे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि पाजताना मांडीवर ठेवायची उंच उशी यांनी ते दुखणे आटोक्यात आले.

दवाखान्याच्या शेवटच्या भेटीत भूलतज्ज्ञांनी माझ्या डिस्चार्ज कार्डावर सगळी नोंद करून दिली: कोणत्या मणक्यांमधून भूल दिली, कोणती सुई होती, डोकेदुखी केव्हा सुरू झाली, पॅचमध्ये किती रक्त दिले आणि ते कोणत्या तक्रारीमुळे थांबवले. पुढे कधी शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर हे कार्ड आधी दाखवा, असे त्यांनी सांगितले. एकदा पॅच घेतला म्हणून पुन्हा कमरेतून भूल घेता येत नाही असे नाही. ती बहुधा नेहमीसारखीच लागू होते. कार्डाची एक छायाप्रत मी मुलीच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये ठेवली आणि एक माझ्या माहेरी दिली.